घाटात गाडी गरम होते? पाणी ओतण्याआधी एवढं तपासा

मे महिन्यात महाबळेश्वरची गर्दी आणि सप्टेंबरात कासची फुलं, या दोन हंगामांत साताऱ्यात आमच्याकडे एकाच तक्रारीच्या गाड्या लागतात. "मिस्त्री, घाटात गरम झाली." पसरणी असो, यवतेश्वर असो, केळघर असो, घाटाचं नाव बदलतं, तक्रार तीच. येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आधीच कुठेतरी पाणी ओतलेलं असतं, कुणी थर्मोस्टॅट (रेडिएटरकडे जाणारी पाण्याची वाट उघडणारी-बंद करणारी झडप) काढून टाकलेला असतो, कुणी नवा रेडिएटर बसवलेला असतो, आणि गाडी तरीही तापतच असते. रोग रेड्याला नि औषध पखालीला. गाडी तापते केव्हा, एवढं जरी नीट पाहिलं तरी अर्धं निदान तिथेच होतं, म्हणून सुरुवात लक्षणांपासून.

गाडी केव्हा तापते?

• घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरला, उसाच्या ट्रॉलीमागे रांगताना किंवा पोवई नाक्यावर अडकल्यावर तापते, पण हायवेला लागलं की तापमानाचा काटा खाली येतो: हवा कमी पडतेय. फॅन किंवा रेडिएटरच्या बाहेरची घाण.

• गावात ठीक, पण हायवेला वेग धरला किंवा एसी लावून मोठा चढ घेतला की तापते: पाण्याचा प्रवाह कमी पडतोय. रेडिएटर आतून चोक, थर्मोस्टॅट अर्धवट उघडणारा, पंप कमजोर.

• सकाळी थंड गाडी सुरू केली आणि पाच-सात मिनिटांतच काटा वर: थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय, नाहीतर हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्या मधलं पॅकिंग) गेलंय.

• तापत नाही, पण दर आठवड्याला पाणी कमी होतं: गळती, रेडिएटरची कॅप किंवा हेड गॅस्केट.

• गाडी बंद केली की कूलंटच्या रिझर्व्ह टाकीत गुडगुड आवाज येतो, पाणी बाहेर फेकलं जातं: आधी कॅप बघा.

• काटा वर-खाली नाचतो, हीटर लावला तर मधूनच थंड हवा येते: आत हवा अडकलीय किंवा पाणी फार कमी झालंय.

काट्याबद्दल एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. तो पाण्याचं तापमान दाखवतो, इंजिनच्या लोखंडाचं नाही. पाणी पार निघून गेलं तर सेन्सर नुसत्या वाफेत लटकतो आणि लालपर्यंत गेलेला काटा खाली उतरू लागतो. मालकाला वाटतं गाडी थंड झाली, तो पुढे हाकतो, आणि हेड वाकतं. काटा वर गेल्यानंतर काही कारण नसताना अचानक खाली आला तर ती आनंदाची बातमी नव्हे. बऱ्याच छोट्या गाड्यांत तर काटाच नसतो, नुसता निळा आणि लाल दिवा असतो. तिथे लाल दिवा लागला म्हणजे उशीर होत आलाय असंच धरा.

घाटात काटा चढला तर त्या क्षणी

एसी बंद. हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात. उन्हाळ्यात जीव नकोसा होईल, पण हीटर म्हणजे आणखी एक छोटा रेडिएटरच आहे, तेवढी उष्णता तो बाहेर काढतो. वळण सोडून सपाट जागा बघा आणि थांबा. वाफ निघत असेल, कूलंट (रेडिएटरमधलं रंगीत पाणी) सांडलेलं दिसत असेल किंवा काटा लाल पट्टीत टेकला असेल तर इंजिन लगेच बंद. बॉनेट उघडा आणि किमान अर्धा तास कशालाही हात लावू नका.

रेडिएटरची कॅप गरम इंजिनवर उघडायची नाही. फडकं धरून नाही, "थोडीशी सैल करून" नाही, अजिबात नाही. आतलं पाणी शंभर अंशांच्या वर असतं, केवळ दाबामुळे पाणी राहिलेलं असतं. कॅप सैल झाली की दाब जातो आणि त्याच क्षणी त्याची वाफ होऊन तोंडावर येते. दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी हात-तोंड भाजून घेतोच. तसंच तापलेल्या इंजिनवर झऱ्याचं गार पाणी ओतू नका. अॅल्युमिनियमचं हेड त्या धक्क्याने वाकतं किंवा तडकतं.

आत काय चालतं, थोडक्यात

पंप पाणी ढकलतो. ते ब्लॉकमधून वर हेडमध्ये जातं, तिथून थर्मोस्टॅटपाशी. इंजिन थंड असेल तर थर्मोस्टॅट बंद राहतो आणि पाणी बायपासने आतल्या आतच फिरतं. साधारण 82 ते 88 अंशांना त्यातलं मेण वितळून फुगतं, झडप उघडते, आणि गरम पाणी वरच्या होजने (रबरी पाइपने) रेडिएटरमध्ये जातं. तिथे गार होऊन खालच्या होजने परत पंपाकडे. जळलेल्या इंधनातल्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग या वाटेने बाहेर पडतो.

या सगळ्याला दाबात ठेवते ती कॅप, आणि तिचं काम प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखंच आहे. बऱ्याच गाड्यांच्या कॅपवर 0.9 किंवा 1.1 असा आकडा असतो, तो बारमधला दाब. समुद्रसपाटीला साधं पाणी 100 अंशांना उकळतं, 0.9 च्या कॅपखाली ते सुमारे 118-119 पर्यंत टिकतं. आता महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास. तिथे उघड्या भांड्यातलं पाणी 96 अंशांच्या आतच उकळतं. म्हणजे कॅप दाब धरत नसेल आणि आत नुसतं नळाचं पाणी असेल, तर पुण्यात किंवा साताऱ्यात जी गाडी कशीबशी चालत होती ती पाचगणीच्या वर उकळणारच. "गावात काही होत नाही, घाटातच होतं" याचं निम्मं उत्तर इथे आहे. उरलेलं निम्मं म्हणजे पहिल्या गिअरमधला लोड आणि समोरून न मिळणारा वारा.

तपासणी: फुकटापासून खर्चाकडे

1. पाण्याची पातळी, थंड इंजिनवर. सकाळी, गाडी सुरू करण्याआधी. रिझर्व्ह टाकीवर कमी-जास्तच्या दोन खुणा असतात, पातळी त्यांच्या मध्ये हवी. पण एवढ्यावर थांबू नका. रेडिएटरला स्वतःची कॅप असेल तर ती उघडून आत बघा. टाकी भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असं हमखास सापडतं. गार होताना कॅपमधून पाणी परत ओढलं जात नाही, म्हणून टाकी भरलेली दिसते. पाण्याचा रंगही बघा. गंजासारखं तांबडं असेल तर आत बराच काळ साधं पाणी फिरतंय.

भरताना बोअरचं पाणी टाकू नका. सांगली-मिरजेकडच्या, विशेषतः क्षारपड पट्ट्यातल्या गाड्यांचे रेडिएटर उघडले की नळ्यांच्या तोंडाशी पांढरा कडक थर बसलेला असतो, तो याच पाण्याचा. कूलंट तयार मिश्रणाचं घ्या, किंवा घट्ट कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असं विचारणारे भेटतात. त्यातलं गंजरोधक रसायन हे आपल्यासाठी खरं कारण. शिवाय निम्म्या मिश्रणाचा उत्कलनबिंदू साध्या पाण्यापेक्षा सात-आठ अंशांनी वर असतो. रंग बघून कूलंट निवडू नका. हिरवा-लाल हे कंपनीगणिक बदलतं, गाडीच्या पुस्तकात जो प्रकार लिहिलाय तो घ्या आणि दोन प्रकार एकत्र करू नका. सांडलेलं कूलंट लगेच धुऊन टाका. ते चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात.

2. फॅन. घाटात तापणाऱ्या गाडीत माझा पहिला संशय फॅनवर असतो. इंजिन सुरू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत काही सेकंदांत फॅन फिरायला हवा. मग एसी बंद करून इंजिन तसंच चालू ठेवा. काटा मधल्या नेहमीच्या जागेच्या जरा वर गेला की फॅन आपोआप लागला पाहिजे. एसीवर फिरतो पण तापमानावर लागत नाही, तर मोटर चांगली आहे, दोष सेन्सरचा, वायरिंगचा किंवा त्या वेगाच्या रिलेचा (फॅनचा करंट चालू-बंद करणारा छोटा डबा). कशावरच फिरत नसेल तर आधी फ्यूज बघा. मग रिले. बऱ्याच गाड्यांत फॅनचा आणि हॉर्नचा रिले एकाच जातीचा असतो, आकडे जुळत असतील तर अदलाबदल करून बघता येतं, खर्च शून्य. हे करताना इंजिन बंद ठेवा आणि बोटं पात्यांपासून लांब. काही गाड्यांत चावी काढल्यावरही फॅन अचानक सुरू होतो.

फॅन फिरतोय म्हणजे हवा ओढतोय असंही नाही. मोटर बदलताना वायर उलट्या जोडल्या गेल्या की तो उलटा फिरतो आणि हवा पुढे ढकलतो. वर्तमानपत्राचा अर्धा कागद पुढच्या जाळीसमोर धरा. फॅन सुलटा आणि दमदार असेल तर कागद जाळीला चिकटून राहतो. फडफडून खाली पडला तर फॅन मंद आहे. तुमच्या हाताकडे उडाला तर उलटा आहे. फॅनभोवतीचं प्लास्टिकचं कव्हरही जागेवर हवं. ते तुटलं की फॅन तीच गरम हवा पुन्हा पुन्हा फिरवतो.

रस्त्यावरचे काही लोक "फॅन डायरेक्ट करून देतो" म्हणतात, म्हणजे सेन्सर वगळून फॅन सतत फिरता ठेवतात. घरी पोहोचण्यापुरतं ठीक. कायमचं नको. मोटर लवकर जळते, आणि मूळ दोष झाकला जातो तो वेगळाच.

3. रेडिएटरचं बाहेरचं तोंड. समोर दिसते ती जाळी एसीच्या कंडेन्सरची असते, रेडिएटर तिच्या मागे. घाण या दोघांच्या मधल्या फटीत साचते आणि समोरून दिसत नाही. आपल्याकडे ऊसतोडणीच्या दिवसांत पाचटाची कुसं, रात्रीचे किडे आणि धूळ मिळून तिथे नमद्यासारखा जाड थर बसतो. वरून टॉर्च मारून बघा. थंड इंजिनवर बागेच्या साध्या पाइपने, इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने धुवा. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारू नका. पातळ पत्र्याच्या पाकळ्या आडव्या झाल्या की हवेची वाटच बंद, आणि त्या सरळ करत बसणं फार किचकट काम.

4. कॅप. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. थंड असताना काढा. खालचं रबर कडक झालंय, चिरलंय किंवा दबून त्यावर खोल गोल खूण पडलीय, तर बदला. मधोमध एक छोटी चकती असते ती बोटाने ओढून सोडा, स्प्रिंगने परत बसली पाहिजे. ही निर्वाताची झडप. इंजिन गार होताना आतलं पाणी आकसतं तेव्हा हिच्यातून टाकीतलं पाणी परत येतं. ती अडकली की आत पोकळी तयार होते, आणि सकाळी बॉनेट उघडलं तर वरचा होज दोन बोटांत चेपल्यासारखा चपटा झालेला दिसतो. कॅप सैल केली की फुस्स आवाज येऊन होज डोळ्यांदेखत गोल होतो. हे दिसलं तर दुसरं काही शोधायला जाऊ नका. मेढ्याकडची एक गाडी नवा रेडिएटर बसवूनही तापतच होती, कॅप मात्र जुनीच फिरवून लावलेली. नवी कॅप लागली आणि तक्रार संपली. कॅप घेताना जुनीवरचा आकडाच घ्या. जास्त दाबाची "भारी" कॅप बसवली तर जुने होज आणि रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाक्या फुटतात.

5. होज, क्लॅम्प आणि गळतीच्या खुणा. थंड असताना होज दाबून बघा. निरोगी होज रबरासारखा परत येतो. कुरकुर वाजला तर आतून चिरलाय, लिबलिबीत लागला तर तेल लागून कुजलाय. खालच्या होजकडे विशेष लक्ष द्या. पंप त्यातून ओढतो, त्यामुळे मऊ झालेला होज वेगाला आत चेपतो आणि पाणी अडतं, आणि गाडी उभी असताना काहीच दिसत नाही. गळती थेंबाने दिसेलच असं नाही, गरम धातूवर थेंब वाळून जातो आणि मागे पांढरा किंवा हिरवट डाग राहतो. क्लॅम्पखाली, रेडिएटरच्या प्लास्टिक-अॅल्युमिनियमच्या जोडावर आणि वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकाशी हे डाग शोधा. पायाशी कार्पेट ओलं आणि काचेवर चिकट धुकं येत असेल तर हीटरची जाळी गळतेय.

गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकणारे चालक अजून आहेत. हळद सांगलीची असली तरी तिची जागा भाजीत. ती भोक बुजवते तशी रेडिएटरच्या आणि हीटरच्या नळ्याही बुजवते. बाजारातल्या गळतीच्या पावडरी आणि द्रव यांचंही थोड्याफार फरकाने तेच.

6. अडकलेली हवा. कूलंट बदललं, होज बदलला आणि त्यानंतरच गाडी तापायला लागली, तर नव्वद टक्के हेच. हवेचा फुगा हेडमध्ये बसला की तिथे पाणी पोहोचत नाही. गाडी चढावर तोंड करून उभी करा, म्हणजे भरण्याचं तोंड सगळ्यात उंच राहील. साताऱ्यात चढ शोधावा लागत नाही. हीटर पूर्ण गरमवर ठेवा, कूलंट बारीक धारेने भरा, कॅप न लावता थंड इंजिन सुरू करा. बुडबुडे येत राहतील, पातळी खाली जाईल तशी भरत जा. दोन्ही होज पिळून सोडत राहा. हीटरमधून सलग गरम हवा आली आणि बुडबुडे थांबले की कॅप लावा. पाणी उसळून वर येऊ लागलं तर वाट बघू नका, इंजिन बंद करून गार होऊ द्या. काही गाड्यांत हवा काढायचा वेगळा स्क्रू असतो, तो आधी शोधा. दुसऱ्या दिवशी थंड असताना पातळी पुन्हा बघा, थोडी उतरलेली असतेच.

7. थर्मोस्टॅट. थंड गाडी सुरू करा आणि वरच्या होजवर हात ठेवा, फॅन-पट्ट्यापासून बाही सांभाळून. सुरुवातीला होज गारच राहिला पाहिजे, आणि काटा मध्यावर आल्यावर थोड्या वेळात एकदम गरम झाला पाहिजे. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. काटा लालकडे चाललाय आणि होज गारच, तर बंद अडकलाय. खात्री करायची तर तो काढून पातेल्यात पाण्यात दोरीने लटकवा, पातेलं गॅसवर ठेवा आणि 100 अंशांपर्यंत मोजणारा थर्मामीटर वापरा. त्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास उघडायला लागला पाहिजे. ते पातेलं पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका.

आता माझं ठाम मत. "आपल्याकडे थंडी नाही, थर्मोस्टॅटची गरज नाही" म्हणून तो काढून फेकणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका. इंजिन थंड राहतं, गाडीचा संगणक जास्त पेट्रोल पाजत राहतो, अॅव्हरेज पडतं, सिलिंडर लवकर झिजतात. वरून गंमत अशी की ज्या इंजिनांत थर्मोस्टॅटचा खालचा भाग बायपास बंद करतो, तिथे तो काढल्यावर बरंचसं पाणी रेडिएटरला न जाता आतल्या आतच फिरतं आणि गाडी घाटात आणखी तापते. नवा बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनकडे आणि हवा सुटण्याचं बारीक भोक किंवा पिन वरच्या अंगाला. जुनं गॅस्केट पूर्ण खरवडा.

इथपर्यंतचं काम हातात पाना धरणाऱ्या कुणालाही घरी जमतं. पुढचं जपून.

8. पट्टा आणि वॉटर पंप. पट्टा सैल, चकाकणारा किंवा तडकलेला असेल तर बदला. इंजिन बंद असताना पंपाची पुली हलवून बघा, खेळ लागला किंवा फिरवताना खरखर आली तर बेअरिंग गेलंय. खालच्या भोकातून ओघळ आलाय म्हणजे सील गेलंय. पण ज्या गाडीत पंप टायमिंग बेल्टवर (पिस्टन आणि व्हॉल्व्हचा मेळ राखणारा पट्टा) चालतो तिथे घरी हात घालू नका. टायमिंग एका दात्याने चुकलं तरी कित्येक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. टायमिंग बेल्ट बदलताना पंपही त्याच वेळी बदलून घ्या, मजुरी एकदाच पडते.

9. आतून चोक झालेला रेडिएटर. इंजिन पूर्ण तापल्यावर बंद करून रेडिएटरच्या पृष्ठभागाचं तापमान इन्फ्रारेड गनने वेगवेगळ्या ठिकाणी मोजतात. मध्येच एखादा पट्टा बराच गार निघाला तर तेवढ्या नळ्या बंद. हलका थर असेल तर फ्लश करून फरक पडतो. बोअरच्या पाण्याचा कडक थर असेल तर रेडिएटर बदलणंच स्वस्त पडतं. तेजाबाने साफ करून देणारे आहेत, पण अॅल्युमिनियमचा रेडिएटर त्यात महिन्याभरात गळायला लागलेला मी पाहिलाय.

इथे थांबा आणि गाडी मेकॅनिककडे द्या

हेड गॅस्केटची लक्षणं ही: थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच वरचा होज दगडासारखा कडक. टाकीत सतत बुडबुडे. सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा, गोडसर वासाचा धूर. ऑइलच्या झाकणाखाली किंवा डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) चॉकलेटी-पांढरा मलईदार थर. बाहेर कुठेही थेंब नाही आणि पाणी मात्र कमी होतंय. झाकणाखालचा थोडासा थर एकटाच दिसला तर घाबरू नका, पावसाळ्यात जवळजवळच्या फेऱ्यांनी तो दमटपणामुळेही धरतो. डिपस्टिकवर आला किंवा वरचं दुसरं एखादं लक्षण सोबत असेल तर मात्र गाडी सुरूसुद्धा करू नका. पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंग खातं, आणि हेडचा खर्च अख्ख्या इंजिनच्या खर्चावर जातो.

मेकॅनिककडे निळ्या द्रवाची एक नळी असते. रेडिएटरच्या तोंडाशी लावून हवा ओढली की जळलेला वायू असल्यास द्रव पिवळा पडतो. ही चाचणी आणि प्रेशर टेस्ट झाल्याशिवाय हेड उघडायला होकार देऊ नका. हेड उघडलंच तर ते लेथवाल्याकडे सपाटी तपासून, गरज असेल तर प्लेन करूनच परत बसलं पाहिजे, आणि बोल्ट टॉर्क पान्यानेच (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळले पाहिजेत. नुसतं गॅस्केट बदलून वाकलेलं हेड परत बसवलं की दोन महिन्यांत तीच गाडी त्याच घाटात उभी.

एकदा लाल पट्टीपर्यंत तापलेली आणि पाणी भरूनही पुन्हा काटा चढणारी गाडी चालवत आणू नका, टो करून आणा. मेकॅनिकला "गरम होते" एवढंच सांगू नका. कुठल्या वेगाला तापली, एसी चालू होता का, फॅन फिरत होता का, किती लिटर पाणी लागलं, आणि आधी कुणी काय बदललंय, हे सगळं सांगा. जुने काढलेले पार्ट डिकीत असतील तर तेही दाखवा.